ऋणनिर्देशात कोण राहून गेलं?

तुमचं ब्लॅक बुक उघडा. बाइंडिंगला गेलं असेल तर पीडीएफही चालेल. ऋणनिर्देशाचं पान काढा. प्राचार्य आहेत, एचओडी आहेत, गाइड आहेत, लॅब असिस्टंट काका आहेत, आई-बाबा आहेत आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक' आहेत. आता लॅपटॉपवर प्रोजेक्टची पोम डॉट एक्सएमएल उघडा. तिथे स्प्रिंग बूट आहे, हायबरनेट आहे, मायएसक्यूएलचा कनेक्टर आहे, मार्कशीटची पीडीएफ काढायला आयटेक्स्ट आहे. तुम्ही स्वतः लिहिलेल्या ओळी आणि या मंडळींनी लिहिलेल्या ओळी शेजारी ठेवल्या, तर तुमचा प्रोजेक्ट म्हणजे मांडवाला लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरण ठरेल. तोरण तुमचं, कबूल. मांडव भलत्याच कुणीतरी घातलाय. आणि दोन्ही याद्या ताडून पाहा, त्यांच्यात एकही नाव सामाईक नाही.

हा नुसत्या सौजन्याचा मामला असता तर त्यावर लेख पाडायची गरज नव्हती. पण तुम्ही वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीसोबत एक कागद आलेला असतो. त्यावर अटी असतात आणि लायब्ररी वापरली याचा अर्थ त्या अटी तुम्ही मान्य केल्या. तो कागद म्हणजे लायसन्स. आपल्याकडे चार वर्षं जावा शिकवतात, डिपेंडन्सी इंजेक्शन शिकवतात, ॲनोटेशन्स तोंडपाठ करून घेतात. हा कागद वाचायला मात्र कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, तो तुम्ही वाचायला हवा, आणि नोकरी लागल्यावर नाही, आत्ता.

ओपन सोर्स म्हणजे बेवारस, असा आपला एक गोड गैरसमज आहे. नेटवर पडलंय, डाउनलोड होतंय, पैसे मागत नाहीत, म्हणजे रस्त्याकडेचं आंब्याचं झाड. पण रस्त्याकडेच्या झाडालाही मालक असतो, हे ज्याने लहानपणी दगड मारलेत त्याला ठाऊक आहे. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. कथा-कादंबरी जिथे बसते, तिथेच तुमची मेन मेथड बसते. नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे काहीच सांगितलं नसेल तर मूळ अवस्था 'हात लावू नका' अशीच असते. लायसन्स ही त्या हक्कातून काढून दिलेली परवानगी असते, अटींसह. अटी मोडल्या की परवानगी गेली आणि तुम्ही पुन्हा दगड मारणाऱ्या पोरांत जमा.

स्प्रिंगचंच घ्या. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये जे-टू-ईईवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यासोबत तीस हजारांहून जास्त ओळींचा कोड दिला. वाचकांपैकी युर्गन ह्योलर आणि यान कॅरॉफ या दोघांनी त्यांच्या मागे लागून त्या कोडचा ओपन सोर्स प्रोजेक्ट करायला लावला. १.० आवृत्ती आली मार्च २००४ मध्ये. म्हणजे ज्याच्याशिवाय आज कॅम्पस प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू पुढे सरकत नाही, ते फ्रेमवर्क पुस्तकाच्या दोन चिकट वाचकांमुळे उभं राहिलं. लायसन्स अपाची २.०. यापेक्षा उदार अट सापडणं अवघड. वापरा, बदला, विका, तुमचा स्वतःचा कोड कुलपात ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. फक्त पुढे कुणाला देताना लायसन्सची प्रत सोबत द्या, कॉपीराइटच्या ओळी काढू नका, नोटिस नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूर पुढे न्या, आणि एखादी फाइल बदलली असेल तर बदलली असं तिच्यात लिहा. झालं. पैसे नाहीत, फॉर्म नाही, सही-शिक्का नाही.

आणि आपण काय करतो? कंट्रोल-एफ, ॲट-ऑथर, रिप्लेस ऑल.

हसू नका, हे सगळ्यांना माहीत आहे. सीनियर बॅचचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून हातात आला की पहिलं काम कोणतं? रन होतो का बघणं. दुसरं काम, जावाडॉकमधलं ॲट-ऑथरपुढचं नाव बदलून आपलं आणि पार्टनरचं घालणं. त्याच झपाट्यात वरचा लायसन्सचा परिच्छेदही उडतो, कारण तो 'उगाच लांब' दिसतो. रेडिमेड प्रोजेक्टच्या दुकानांत तर हे काम आधीच करून मिळतं, ब्लॅक बुकसह. दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. (जाता जाता, अपाची फाउंडेशनच्या प्रोजेक्टांत ॲट-ऑथर लिहिणं टाळण्याचा प्रघात आहे, कारण तिथे कोड एकट्याचा मानत नाहीत. पण आधीच लिहिलेलं दुसऱ्याचं नाव पुसून स्वतःचं घालणं ही वेगळी गोष्ट झाली.)

नाव पुसण्याने काय होतं, यावर एक खरा खटला झालेला आहे. तोही जावाच्या प्रोजेक्टवर आणि विषय काय, तर खेळण्यातल्या आगगाड्या.

अमेरिकेत मॉडेल रेल्वेचा छंद माणसं भलतीच गंभीरपणे करतात. इंजिनात एक छोटी चिप बसवलेली असते, तिला डीकोडर म्हणतात. वेग किती, दिवा कधी लागायचा, हे सगळं त्या चिपमध्ये आकड्यांनी भरायचं. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे, त्यामुळे डोक्याला ताप. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात फिजिक्स शिकवणारे रॉबर्ट जेकबसन यांनी आणखी काही छंदिष्टांच्या साथीने त्यासाठी जावामध्ये जेएमआरआय नावाचा प्रोजेक्ट केला. लांब नाव जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस. कुठल्या डीकोडरमध्ये कुठला आकडा कशाचा, याच्या फाइली या लोकांनी एकेक करून तयार केल्या आणि आर्टिस्टिक लायसन्सखाली सगळ्यांना फुकट दिल्या.

ओरेगनमधले मॅथ्यू कॅट्झर यांची कंपनी याच कामाचं सॉफ्टवेअर विकत असे. आपल्या पेटंटचा भंग होतोय म्हणून त्यांनी जेकबसन यांच्याकडेच दोन लाख डॉलरच्या वर मागणी केली. फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या माणसाकडे! २००६ मध्ये जेकबसन कोर्टात गेले. पुढे लक्षात आलं की कॅट्झर यांच्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये जेएमआरआयच्याच त्या फाइली होत्या. लेखकांची नावं गायब. कॉपीराइटच्या ओळी गायब. मूळ प्रोजेक्टचा उल्लेख नाही, लायसन्सच्या फाइलीचा उल्लेख नाही, काय बदललं त्याची नोंद नाही. थोडक्यात, रिप्लेस ऑल.

आता गंमत बघा. खालच्या कोर्टाने २००७ मध्ये जेकबसन यांची मनाई हुकमाची मागणी फेटाळली. लायसन्स हा करार आहे, फार तर करार मोडला असं म्हणा, कॉपीराइटचा भंग म्हणू नका, असा तो निकाल. ऐकायला किरकोळ फरक वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. करार मोडला तर नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं. जी वस्तू तुम्ही फुकट देता, तिचं नुकसान किती? शून्य रुपये शून्य पैसे. तो निकाल टिकला असता तर जगातल्या प्रत्येक ओपन सोर्स लायसन्सचा कागद वडे बांधायला कामी आला असता.

टिकला नाही. १३ ऑगस्ट २००८ ला वॉशिंग्टनमधल्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने तो फिरवला. नाव ठेवा, बदल नोंदवा या अटी म्हणजे परवानगीच्या अटी आहेत, त्या मोडणारा परवानगीच्या बाहेर जातो, मग तो कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, असं कोर्टाने सांगितलं. आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी की, पैसे घेतले नाहीत म्हणजे लेखकाला काहीच मिळत नव्हतं असं नाही, हे कोर्टाने मान्य केलं. नाव होतं, लोक त्या नावामागून प्रोजेक्टकडे येत होते, चुका दुरुस्त करून देत होते, प्रोजेक्ट वाढत होता. नाव पुसलं की ही वाटच बंद होते. पुढे २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांच्या बाजूने एक लाख डॉलर द्यायचं ठरलं. जेएमआरआय आजही चालू आहे, आता जीपीएलखाली.

तुमच्या तोंडावर आलेला प्रश्न मला दिसतोय: आमच्या कॉलेज प्रोजेक्टवर कोण कशाला केस करेल? खरं सांगू? कोणीच नाही. उलट बऱ्याचशा लायसन्सच्या अटी तुम्ही कोड दुसऱ्याला देता तेव्हाच लागू होतात. हॉस्टेलच्या खोलीत बसून जीपीएलच्या कोडची हवी तेवढी चिरफाड करा, त्याला पूर्ण मुभा आहे. भीती घालून लायसन्स वाचायला लावण्यात मला रस नाही. प्रश्न असा आहे की तुमचा प्रोजेक्ट हॉस्टेलच्या खोलीत राहतो का? तो गिटहबवर जातो, त्याची लिंक रेझ्युमेवर जाते. इंटरव्ह्यूमध्ये 'हे मी केलं' म्हणून दाखवला जातो. चुलत्याच्या क्लाससाठी, गावच्या पतसंस्थेसाठी, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी तोच कोड दोन-चार स्क्रीन बदलून दिला जातो आणि पाच-दहा हजार रुपये येतात. त्या क्षणी तुम्ही विद्यार्थी राहत नाही, सॉफ्टवेअर देणारे होता.

इथे आयटेक्स्टकडे परत या, कारण खरा खड्डा तिथे आहे. पीडीएफ काढायची ही जावा लायब्ररी बेल्जियममध्ये घेंट विद्यापीठात काम करणाऱ्या ब्रुनो लोवाजी यांनी सुरू केली. जुन्या आवृत्त्यांचं पॅकेज त्यांच्या आडनावाचंच होतं, कॉम डॉट लोवाजी. म्हणजे इम्पोर्टच्या प्रत्येक ओळीत लेखकाचं नाव आपोआप येत होतं. त्या आवृत्त्या एमपीएल आणि एलजीपीएलखाली होत्या, नोकरी-धंद्यात वापरायला फारशी अडचण नव्हती. २००९ च्या शेवटी आयटेक्स्ट ५ आलं आणि लायसन्स झालं एजीपीएल. हे जीपीएलचं कडक भावंड. जीपीएलची अट प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात दिल्यावर लागते. एजीपीएल म्हणतं, तो बदलून सर्व्हरवर ठेवून नुसता नेटवरून वापरू दिलात, तरी वापरणाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे. आणि आयटेक्स्टच्या मालक कंपनीचं म्हणणं असं की, तुमचं अख्खं ॲप्लिकेशन त्यात आलं. कोड बंद ठेवायचाय? मग कमर्शियल लायसन्स विकत घ्या.

आता डोळ्यांसमोर आणा. यूट्यूबवरच्या व्हिडिओत सांगितलं म्हणून तुम्ही पोममध्ये पाच ओळी चिकटवल्या. पतसंस्थेचं पासबुक पीडीएफमध्ये निघायला लागलं, सगळे खूश. त्या पाच ओळींनी पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर कुठली जबाबदारी आणली, हे ना तुम्हाला माहीत, ना पतसंस्थेला. ओपनपीडीएफ नावाची लायब्ररी आयटेक्स्टच्या जुन्या कोडवरूनच पुढे चालवलेली आहे, एलजीपीएल-एमपीएलखाली. अपाची पीडीएफबॉक्स आहे. काम होण्याशी मतलब असेल तर पर्याय समोर होते. पण निवड करायची होती हेच कुणी सांगितलं नव्हतं.

बरं, तुम्ही लिहिलेल्या चार लायब्रऱ्यांपुरतं हे थांबत नाही. त्यांना आणखी लागतात, त्यांना आणखी. मेव्हनला एकदा डिपेंडन्सी ट्री छापायला सांगा आणि चहा घेऊन वाचा. लॉगबॅक तुम्ही मागवलेलंही नसतं, स्प्रिंग बूटसोबत ते येतंच, आणि त्याचं लायसन्स अपाची नाही, ईपीएल किंवा एलजीपीएल यातलं कुठलंही एक. हायबरनेट वर्षानुवर्षं एलजीपीएलखाली होतं, सातव्या आवृत्तीपासून ते अपाचीत आलं. मायएसक्यूएलचा कनेक्टर जीपीएलचा, त्याला ओपन सोर्स प्रोजेक्टांसाठी वेगळी सूट. सगळं मिळून एक जार बनवता ना? जार म्हणजे बरणीच. कैरी, लिंबू, मिरची एकाच बरणीत कोंबली की प्रत्येकाचं लेबल कुठे जातं? नोटिस नावाच्या दहा फाइली एकाच जागी येतात आणि नीट सांगितलं नाही तर एकच उरते. मेव्हनच्या शेड प्लगिनमध्ये या नोटिसा जोडून एक करण्याची सोय आहे, आणि सगळ्या लायब्रऱ्यांच्या लायसन्सची यादी काढून देणारं प्लगिनही आहे. दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम. त्या यादीचा प्रिंटआउट ब्लॅक बुकच्या शेवटी लावलात तर एक्स्टर्नलना जरा वेगळं काही वाचायला मिळेल.

लायसन्स वाचणं कंटाळवाणं असतं, हे मान्य. पण सगळीच तशी नसतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसनची जावा लायब्ररी देताना नेहमीच्या एमआयटी लायसन्सला एक वाक्य जोडलं होतं. हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही, अशा अर्थाचं. विनोद म्हणून छान. पण वकिलांना विनोद कळत नाही, आणि या बाबतीत त्यांचं बरोबरही होतं. वाईट म्हणजे काय, हे कोण ठरवणार? एका मोठ्या कंपनीने 'वाईट कामासाठीही परवानगी द्या' अशी रीतसर विनंती केली आणि आपण ती दिली, हा किस्सा क्रॉकफर्ड स्वतःच भाषणात सांगत. अपाची फाउंडेशनने शेवटी ते लायसन्स आपल्या प्रोजेक्टांत वर्ज्य ठरवलं. २०२२ मध्ये ती लायब्ररी सार्वजनिक मालकीची झाली आणि वाईट कामं करणाऱ्यांचा प्रश्न सुटला.

कॉलेजांकडून माझी मागणी मोठी नाही. नवा विषय नको, त्याची केटी लागायला वेळ लागणार नाही. व्हायवात एक प्रश्न वाढवा: यातलं तुमचं काय, दुसऱ्याचं काय आणि ते कुठल्या अटीवर घेतलं? ज्याने प्रोजेक्ट खरंच केलाय तो दोन मिनिटांत सांगेल. ज्याने विकत आणलाय त्याची तिथेच पंचाईत होईल. प्लॅजरिझम तपासायचं सॉफ्टवेअर ब्लॅक बुकच्या इंग्रजी वाक्यांवर चालवतात आणि कोडच्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाहीत, याचं मला नेहमीच नवल वाटत आलंय.

आता नाणं उलटं करून बघा. तुम्ही फक्त घेणारे नाही. तुमच्या गिटहबवर किती रिपॉझिटरी आहेत आणि त्यातल्या कितीत लायसन्सची फाइल आहे? तयार करताना गिटहब विचारतं, आपण 'नन' ठेवून पुढे जातो. त्याचा अर्थ 'कुणीही वापरा' असा होत नाही. कोड सगळ्यांना दिसतो, पण त्याचं पुढे काही करायची परवानगी कायद्याने जवळपास कुणालाच नाही. ज्युनियरने तुमचा कोड वापरावा असं वाटत असेल तर तसं लिहून द्या. एमआयटी द्या, अपाची द्या. माझा कोड घेणाऱ्याने त्याचाही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल द्या. विचार करून द्या, कारण एकदा दिलेली परवानगी त्या आवृत्तीपुरती मागे घेता येत नाही. जावाच्या जगात मोठे वापरात असलेले अक्का हे टूलकिट २०२२ मध्ये अपाचीवरून मालकी वळणाच्या लायसन्सवर गेलं, तेव्हा लोकांनी शेवटचा खुला कोड घेतला आणि पेक्को नावाने अपाची फाउंडेशनमध्ये चालू ठेवला. कंपनीला नवं दार लावता आलं, जुनं बंद करता आलं नाही.

आणि कधी स्प्रिंगमधला एखादा बग तुम्हाला सापडलाच, पाठवायचं धाडस झालंच, तर तिथे एक छोटी गोष्ट मागतात. २०२५ पासून त्यांनी जुना लांबलचक करारनामा बंद केला. आता प्रत्येक कमिटच्या शेवटी एक ओळ लागते, साइन्ड-ऑफ-बाय, पुढे तुमचं नाव आणि ईमेल. त्यामागे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन नावाचं छोटंसं निवेदन आहे: हा कोड मी लिहिलाय किंवा तो या लायसन्सखाली द्यायचा हक्क माझ्याकडे आहे. गिटमध्ये त्यासाठी एक उणे चिन्ह आणि एक एस पुरतो. टाइप करायला सेकंदभर लागत नाही. पण कोड कुठून चिकटवलाय ते आठवत नसेल, तर तो एस दाबता येत नाही.